हालचाल: दोन मिनिटांपूर्वी

"मंजिरीताई, तुमचं ॲप म्हणतंय की आई दोन मिनिटांपूर्वी हॉलमध्ये फिरत होती. मग ती फोन का उचलत नाहीये?"

शर्वरीचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. जानेवारीचे दिवस. मी कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या ऑफिसात एका नव्या घराचं सेटिंग करत बसले होते. शर्वरी हैदराबादला असते. तिची आई, सुमती जोगळेकर, भवानीपूरला एकटी राहते.

"कधीपासून करतेयस फोन?" मी विचारलं.

"नऊपासून. सहा-सात वेळा झाला. पण ॲपवर हालचाल दिसतेय म्हणून मी म्हटलं, स्वयंपाकघरात असेल, फोन आतल्या खोलीत राहिला असेल. पण आता दोन तास झाले ना."

"बघते. पाच मिनिटांत सांगते," मी म्हटलं.

जोगळेकरकाकूंचं घर मी स्वतः जोडलं होतं. त्यांचे यजमान सैन्यात होते. शेवटचं पोस्टिंग फोर्ट विल्यमला झालं आणि रिटायर झाल्यावर दोघं इथेच राहिली. ते गेल्यालाही आता सहा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याची बँकेतून इकडे बदली झाली तेव्हा कोलकात्यात मराठी बोलायला मिळालेलं पहिलं घर काकूंचं. पुढे मी या कंपनीत लागले. आमची कंपनी लहान, नऊ माणसांची. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांच्या घरात आम्ही सेन्सर बसवतो, म्हणजे दूरच्या मुलांना फोनवर कळतं की घरी सगळं ठीक आहे. काकूंच्या गळ्यात ते मीच मारलं होतं. "तुझ्या समाधानासाठी लाव बाई, पण कॅमेरा लावलास तर उपटून टाकीन," असं म्हणून त्यांनी परवानगी दिली होती.

मी काकूंचं पान उघडलं. सगळं हिरवं. हॉल, तापमान बावीस. दार, बंद. बॅटरी, फुल. हालचाल, दोन मिनिटांपूर्वी.

शर्वरीला फोन करून "काकू घरात फिरतायत, काळजी करू नकोस" असं सांगायला मी मोबाइल हातात घेतलासुद्धा. पण मला चैन पडेना. काकू फोनच्या बाबतीत शिस्तीच्या. तीन रिंगच्या आत "हं, बोला" असा आवाज येतो. मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. तापमान, दोन मिनिटांपूर्वी. दार, दोन मिनिटांपूर्वी. बॅटरी, दोन मिनिटांपूर्वी. हालचाल, दोन मिनिटांपूर्वी.

चारही ओळींची वेळ एकच. मिनिटभर थांबले. चारही ठिकाणी 'तीन मिनिटांपूर्वी' झालं. आणखी थोडं थांबले. पाच मिनिटं पुरी झाली आणि चारही ओळी एकदम 'आत्ता' झाल्या.

ही हालचालीची वेळ नव्हती, मेसेजची वेळ होती. आणि हे काम माझं होतं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आम्ही खोलीत जो पांढरा डबा लावतो त्यात चार-पाच सेन्सर असतात. एक तापमान मोजतो, एक माणूस हलल्याचं ओळखतो, एक दाराच्या चुंबकाला जोडलेला असतो. पण डबा प्रत्येकासाठी वेगळा मेसेज पाठवत नाही. तो सगळं एकाच मेसेजमध्ये कोंबून पाठवतो: तापमान इतकं, दार बंद, हालचाल अमुक, बॅटरी तमुक. आपण एका पोस्टकार्डावर घरातल्या सगळ्यांची खुशाली लिहायचो, तसं. आमच्या बाजूचा एक छोटा प्रोग्राम तो मेसेज घेतो, फोडतो आणि प्रत्येक गोष्टीचा वेगळा सेन्सर करून ॲपवर दाखवतो. हा फोडणारा प्रोग्राम मी लिहिला होता.

मी लिहिला तेव्हा डबा फक्त काही घडलं तरच मेसेज पाठवायचा. माणूस हलला की मेसेज. त्यामुळे मेसेज आल्याची वेळ तीच हालचालीची वेळ, असं मी धरलं होतं आणि ते बरोबर होतं. मग लोकांनी तक्रार केली की तापमान जुनंच दिसतं. डबा बनवणाऱ्यांनी नवं सॉफ्टवेअर दिलं: आता काही घडो न घडो, डबा दर पाच मिनिटांनी मेसेज पाठवणार. शेवटची हालचाल होऊन किती सेकंद झाले, हा आकडाही ते मेसेजमध्ये वेगळा देऊ लागले. ते सॉफ्टवेअर सगळ्या घरांत टाकायला मीच होकार दिला. माझ्या प्रोग्राममध्ये तो नवा आकडा वाचायचा राहिला. 'नंतर करू' या यादीत तो चार महिने पडून होता.

म्हणजे चार महिने आमचं ॲप सांगत होतं की डबा जिवंत आहे. आणि लोक वाचत होते की आई जिवंत आहे.

मी कच्चा मेसेज उघडला. कच्चा म्हणजे फोडण्याआधीचा, डब्याकडून आला तसा. अकरा वाजून बारा मिनिटांचा मेसेज. शेवटच्या हालचालीला झालेले सेकंद: अकरा हजार चाळीस.

मी कागदावर भागाकार केला. एकशे चौऱ्याऐंशी मिनिटं. म्हणजे आठ वाजून आठ मिनिटांनंतर काकूंच्या हॉलमध्ये कुणीच हललं नव्हतं.

मी उठून अनिर्बाणदांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे बॉस. माणूस चांगला, पण कुठलंही संकट आधी शब्दांत बसवून बघण्याची त्यांना सवय.

"अनिर्बाणदा, भवानीपूरच्या जोगळेकर. तीन तास हालचाल नाही. आणि ॲप दोन मिनिटं दाखवतंय."

त्यांनी आपल्या फोनवर बघितलं. "पण हिरवं आहे."

"हिरवं खोटं आहे. माझा प्रोग्राम चुकलाय. मेसेजची वेळ हालचालीची वेळ म्हणून जातेय."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "फक्त यांच्याच घरी?"

"सगळ्या घरांत."

"एक मिनिट, एक मिनिट. आधी त्या बाहेर गेल्या नाहीत ना, ते बघ. बाजारात गेल्या असतील. उगीच मुलीला घाबरवू नकोस."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. काकूंच्या बिल्डिंगच्या दरवानाचा नंबर माझ्याकडे होता. त्याला फोन लावला. काकूंना तिथे सगळे माशिमा, म्हणजे मावशी, म्हणतात. तो म्हणाला, "माशिमा बाजारात गेल्यात. मी पिशवी घेऊन जाताना बघितलं."

"आज?"

"आज... हो. आजच असेल."

या 'असेल'वर माझा विश्वास बसेना. मी परत टेबलाकडे धावले. दाराचा सेन्सर बघायचा होता. ॲपवर 'बंद, दोन मिनिटांपूर्वी' एवढंच होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. मी आदल्या दिवसापासूनचे सगळे कच्चे मेसेज काढले आणि त्यात 'दार उघडं' कुठे आहे ते शोधलं. शेवटचं सापडलं आदल्या संध्याकाळी सहा चाळीसला. त्यानंतर दार एकदाही उघडलेलं नव्हतं.

काकू घरातच होत्या.

आता शर्वरीला सांगणं भाग होतं. मी फोन लावला आणि सरळ बोलले. "शर्वरी, ॲपवरचं 'दोन मिनिटांपूर्वी' चुकीचं आहे. आमची चूक. काकू आठनंतर हॉलमध्ये आलेल्या नाहीत. दारही उघडलेलं नाही. शेजारी कोण आहे?"

ती म्हणाली, "बनानीमाशी. समोरचा फ्लॅट. किल्ली आहे त्यांच्याकडे." आणि मग, आवाज फाटत, "मी नऊ वाजताच त्यांना फोन करणार होते. ॲप बघितलं आणि नाही केला."

नंबर घेतला आणि फोन ठेवला.

अनिर्बाणदा माझ्या मागे येऊन उभे होते. "तू जा," ते म्हणाले. "लॅपटॉप घेऊन जा. मी ॲम्ब्युलन्सला फोन करतो."

"काय सांगणार त्यांना?"

"सांगतो काहीतरी. तू जा."

टॅक्सीत बसल्या बसल्या बनानीदींना फोन लावला. त्या घरी गाणं शिकवतात. मागे हार्मोनियमचा सूर चालू होता. मी कोण ते सांगितलं. त्या बंगाली-हिंदी मिसळून म्हणाल्या, "सकाळी दूधवाल्यानं लावलेली पिशवी अजून त्यांच्या कडीला लटकतेय. मी म्हटलं, आज उशिरा उठल्या असतील थंडीमुळे."

"तुमच्या किल्लीनं दार उघडून बघता का? फोन चालू ठेवा."

चपलांचा आवाज आला. किल्लीचा आवाज. मग, "उघडत नाही गो. आतून कडी आहे."

"बेल वाजवा. हाका मारा."

बेल वाजली. "माशिमा! माशिमा!" हाका झाल्या. काही नाही. एव्हाना दरवानही वर आला होता. त्याचा आवाज मला ऐकू येत होता: "नाहीयेत घरी. मी बघितलंय जाताना." बनानीदी त्याला म्हणाल्या, "मग आतून कडी कुणी लावली?" तो चरफडत काहीतरी पुटपुटला. तरी दार तोडायला कुणी तयार होईना. फौजी माणसाच्या घरचं सागवानी दार, आणि सांगणारी बाई टॅक्सीत.

टॅक्सी बायपासवर अडकली होती. पुढे मोठी रांग. मी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि मोबाइलच्या नेटवर जोडला. काकूंकडे दोन डबे होते. एक हॉलमध्ये, एक बाथरूममध्ये. बाथरूममधल्या डब्यातला हालचालीचा सेन्सर काकूंनी मला बंद करायला लावला होता. "तिथे तरी कुणी लक्ष ठेवू नका," असं म्हणाल्या होत्या. तो डबा फक्त तापमान आणि हवेतला ओलावा मोजायचा. ओलावा वाढला की एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू, कमी झाला की बंद. एवढ्यासाठीच तो होता, म्हणून आतापर्यंत मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

आता त्याचे मेसेज फोडले. ओलावा वेगळा काढला, तापमान वेगळं काढलं, आणि सकाळपासूनचे आकडे एकाखाली एक मांडले. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. मी मराठीत स्वतःशीच बडबडत होते म्हणून असेल.

रोज काकू आठच्या सुमारास अंघोळीला जातात. ओलावा अठ्ठावन्नवरून नव्वदच्या पुढे जातो. साडेआठच्या आसपास बाथरूमचं दार उघडतं, आणि पावणेनऊपर्यंत आकडा परत साठीत येतो. मागच्या सात दिवसांत रोज असंच. आज आठ वीसला एक्क्याण्णव. नऊला नव्वद. दहाला एकोणनव्वद. अकराला अठ्ठ्याऐंशी. फॅन सतत चालू असूनही.

बाथरूमचं दार उघडलंच नव्हतं, आणि आत पाणी अजून वाहत होतं.

मग तापमान बघितलं. साडेआठला सव्वीस. नऊला तेवीस. अकराला एकोणीस. काकूंची पिढी गीझर बंद करूनच अंघोळीला जाते. गरम पाणी संपलं होतं. म्हणजे अडीच तास गार पाणी पडत होतं.

"बनानीदी, त्या बाथरूममध्ये आहेत. पडल्यात. दार तोडायला सांगा."

"तुला कसं कळलं?"

"कळलं. तोडायला सांगा."

त्यांनी दरवानाला सांगितलं. तो म्हणाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायला हवं. सेक्रेटरी एस्प्लनेडला ऑफिसात. मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडून काय होणार होतं? ही माणसं वाईट नव्हती. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, काही दिसत नव्हतं, आणि मी आकड्यांवरून बोलत होते. ज्या ॲपनं सकाळपासून खोटं सांगितलं त्याच ॲपवाली आता खरं सांगते म्हणत होती.

"बाथरूमची खिडकी कुठे उघडते?" मी विचारलं.

"मधल्या डक्टमध्ये. माझ्या स्वयंपाकघराच्या समोर. पण तिथे तो तुमचा पंखा आहे. सकाळपासून घोंघावतोय, डोकं उठवलंय त्यानं."

तो तुमचा पंखा. तोच तर आतला आवाज झाकत होता. मग म्हटलं, "तुम्ही स्वयंपाकघरात जा. खिडकीशी उभ्या राहा. मी पंखा बंद करते. नीट ऐका."

लॅपटॉपवरून मी फॅन बंद केला. फोनमधून बनानीदी म्हणाल्या, "बंद झाला." आणि लगेच, "पुन्हा चालू झाला."

साहजिकच होतं. नियम होता ना: ओलावा सत्तरच्या वर तर फॅन चालू. नियमही मीच लिहिला होता. आधी तो नियम थांबवायला हवा होता. मी नियमांचं पान उघडायला गेले आणि नेट गेलं. टॅक्सी फ्लायओव्हरखाली आली होती. पांढऱ्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, "दादा, जरा पुढे घ्या, फक्त या पुलाखालून बाहेर." त्यानं काही न विचारता डावीकडून गाडी घुसवली, मागच्यानं हॉर्न दाबून धरला, आणि आम्ही उन्हात आलो. पान उघडलं. नियम थांबवला. फॅन बंद केला.

"बंद झाला," बनानीदी म्हणाल्या.

मी फोन कानाला इतका दाबला होता की दुखायला लागलं.

"पाण्याचा आवाज येतोय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि मग, "थांब. थांब. काहीतरी वाजतंय. टक, टक. बादलीवर मग आपटल्यासारखं." पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही. त्या डक्टमध्ये ओरडल्या, "माशिमा! आम्ही येतोय!" आणि चपला न घालताच धावल्या असाव्यात, कारण आवाज बदलला.

त्यानंतर कुणाला परवानगीची आठवण झाली नाही. दरवान, खालच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी ड्रायव्हर आणि एक पहार. बाहेरचं दार पाच-सहा घावांत गेलं. बाथरूमची आतली कडी एका धक्क्यात निघाली.

मी पोचले तेव्हा काकूंना स्ट्रेचरवरून खाली आणत होते. बनानीदींची शाल, त्यावर दोन रजया. ओठ निळसर, केस ओले. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होत्या. मी जिन्यात कडेला होऊन उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून हवाच आली. तीन तास ओरडून आवाज गेला होता.

दुसऱ्या दिवशी शर्वरी आली. ऑपरेशन झालं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले, अजून तास-दोन तास गेले असते तर हाडापेक्षा थंडीचाच प्रश्न मोठा झाला असता. चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. आवाज थोडा परत आला होता.

"पंखा थांबला तेव्हा मला वाटलं लाइट गेले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, चला, आता तरी कुणाला ऐकू जाईल. तीन तास त्या पंख्याशी भांडत होते गं मी. मी ओरडायची आणि तो माझ्यावर ओरडायचा."

"काकू, तो पंखा मीच..."

"माहितीय. शर्वरीनं सांगितलं सगळं. तुझं ते दोन मिनिटांचं पण सांगितलं."

त्यांनी रागावलेलं मला चाललं असतं. त्यांनी संत्र्याची फोड पुढे केली. ती हातात धरून मी बराच वेळ बसले, खाता आली नाही.

शर्वरी मला कॉरिडॉरमध्ये भेटली. ती शांतपणे बोलली, त्यामुळे जास्त लागलं. "तुम्ही शोधलंत म्हणून आई वाचली, हे मला मान्य आहे ताई. पण तुमचं ॲप नसतं तर मी नऊ वाजताच बनानीमाशींना उठवलं असतं. दोन्ही खरं आहे."

दोन्ही खरं होतं.

ऑफिसात वेगळंच चालू होतं. त्या दिवशी घरी जाण्याआधीच मी प्रोग्राम दुरुस्त केला होता. दुरुस्ती अकरा ओळींची. मेसेज फोडताना प्रत्येक सेन्सरला त्याची स्वतःची वेळ द्यायची, एवढंच. तापमानाला मेसेजची वेळ चालते, कारण ते त्या क्षणी मोजलेलं असतं. हालचालीला हालचालीची वेळ. दाराला दार शेवटचं हललं ती वेळ. अनिर्बाणदा म्हणाले, "छान. झालं ना मग. आता घरोघर अपडेट पाठवून दे. गाजावाजा नको."

"लोकांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"काय सांगायचं? चार महिने चुकीचं दाखवत होतो म्हणून? मंजिरी, लोक पळून जातील. आणि आता चूक उरलेली नाही."

"अपडेट गेल्यावर कुणाला तरी उद्या अचानक 'सहा तासांपूर्वी' दिसेल. ते घाबरतील. किंवा त्याहून वाईट म्हणजे घाबरणार नाहीत, कारण गेले चार महिने त्यांनी ॲपवर बघून फोन करायचं सोडलंय. ती सवय आपण लावलीय."

ते खुर्चीत मागे रेलले. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. त्यांची आई सिलिगुडीला एकटी असते, हे मला माहीत होतं. तिच्या घरीही आमचाच डबा होता. मी ते बोलले नाही. त्यांना आठवलं असावं.

"तू लिही," शेवटी ते म्हणाले. "मी सही करतो. पण छोटं लिही."

मी चार ओळी लिहिल्या. अमुक दिवसापासून हालचालीची वेळ चुकीची दिसत होती. चूक आमची. आता दुरुस्त केली आहे. ॲपवर काहीही दिसलं तरी रोज फोन करा. मग आम्ही दोघं सगळ्या घरांच्या याद्या वाटून घेऊन बसलो आणि एकेकाला फोनही केला. दोन दिवस गेले त्यात. काहींनी शिव्या दिल्या. चार घरांनी डबे काढून न्यायला सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "मला वाटलंच होतं, बाबा एवढे फिरत नाहीत."

काकू आता वॉकर घेऊन चालतात. डबे त्यांनी ठेवले. बाथरूमला आतून कडी नाही आणि एक्झॉस्ट फॅन हाताच्या बटणावर. शर्वरीनं मात्र फोनवरून ॲप काढून टाकलं. ती सकाळ-संध्याकाळ आईला फोन करते. काकूंची तक्रार अशी की ही पोरगी इतकं बोलते की भाजी करपते.

माझं म्हणाल तर मला काही महिने झोप नीट लागली नाही. जेवताना, सिग्नलला, लिफ्टमध्ये, मी एकेका घराचे कच्चे मेसेज उघडून बघत असे. नवरा म्हणायचा, तू सेन्सर झालीस. आता कमी केलंय. सोडलेलं नाही.

त्या दुरुस्तीत मी आणखी एक गोष्ट घातली. डब्याकडून पंधरा मिनिटं मेसेज आला नाही, किंवा आला आणि त्यात एखादा आकडा नसला, तर त्या सेन्सरसमोर आता जुना आकडा दिसत नाही. करड्या अक्षरांत 'माहीत नाही' असं दिसतं. विक्रीवाल्यांना ते मुळीच आवडत नाही. दर मीटिंगला विषय निघतो: ग्राहकाला बरं वाटत नाही, दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपवर सगळं हिरवं असतं. अनिर्बाणदा दर वेळी ऐकून घेतात आणि पुढचा विषय काढतात.

यातून मी शिकले ते एवढंच. एका मेसेजचे पाच सेन्सर करणं अर्ध्या तासाचं काम आहे, कुणीही करेल. त्यातल्या प्रत्येकाला खरोखर काय ठाऊक आहे आणि केव्हापासून, हे विचारायला जास्त वेळ लागतो. तो वेळ काढावा. आणि ज्याला ठाऊक नाही त्याला तसं म्हणू द्यावं. 'माहीत नाही' वाचलं की लोक फोन उचलतात.